फाशांची बाराखडी

दोस्तांनो, समजा तुम्ही संगणकावर एक खेळ खेळताय. भुयारातून वाट काढत तुमचा गडी एका पडक्या देवळापाशी येतो. दाराशी एक दगडी पाटी आहे आणि तिच्यावर चार ओळी कोरल्या आहेत. अक्षरं देवनागरी नाहीत, इंग्रजी नाहीत, चिनी नाहीत, उर्दूही नाहीत. पृथ्वीच्या पाठीवर आजवर कोणीच ही अक्षरं लिहिलेली नाहीत.

मग ती लिहिली कोणी?

'ज्यानं खेळ तयार केला त्यानं!' असं तुम्ही पटकन म्हणाल. पण नाही. त्यानंही ती कधी पाहिलेली नाहीत. तुम्ही 'नवा खेळ' हे बटण दाबलंत आणि त्या क्षणी संगणकानं डोंगर रचले, नद्या सोडल्या, गावं वसवली, राजे गादीवर बसवले आणि जाता जाता त्या राजांच्या कारकुनांसाठी एक लिपीसुद्धा घडवली! तुमच्या मैत्रिणीनं तिच्या घरी हाच खेळ सुरू केला, तर तिच्या देवळावरची लिपी निराळीच निघेल.

आहे की नाही गंमत? यंत्राला लिपी घडवता येते ती कशी, ते आज पाहू या. आणि नुसतं पाहायचं नाही बरं का! लेख संपेपर्यंत तुमची स्वतःची एक लिपी तयार झाली पाहिजे. त्यासाठी संगणक लागत नाही. दोन फासे, एक पेन्सिल आणि थोडे पाठकोरे कागद घेऊन बसा.

नावं जुळवणारं यंत्र

लिपीच्या आधी नावांची गोष्ट सांगते, कारण युक्ती तीच आहे.

१९८० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांचा 'रोग' नावाचा खेळ आला. (रोग म्हणजे आजार नव्हे हं! इंग्रजीत या शब्दाचा अर्थ लुच्चा.) त्यात चित्रं नव्हतीच. भिंती, दारं, राक्षस, सगळं टाइपरायटरवरच्या अक्षरांनी आणि खुणांनी दाखवलेलं. ई-मेलच्या पत्त्यात जे 'ॲट'चं गोल शेपटीवालं चिन्ह असतं ना, ते म्हणजे या खेळाचा नायक! दर वेळी भुयार नवं. भुयारात मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या सापडत. त्यांची नावं म्हणजे अर्थ नसलेले तुकडे एकापुढे एक जोडलेले. कुठल्या गुंडाळीनं काय होतं, ते वाचून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. आणि पाठ करून ठेवावं, तर पुढच्या खेळात सगळी नावं बदललेली!

मग १९८४ मध्ये इंग्लंडात 'एलिट' नावाचा खेळ आला. केंब्रिजला शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोघांनी तो रचला. ज्या संगणकावर तो चालायचा, त्याची स्मृती होती अवघी ३२ किलोबाइट. आज मोबाइलनं काढलेल्या एका फोटोलाही त्याच्या कितीतरी पट जागा लागते. तरी त्या खेळात ८ आकाशगंगा होत्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. करा गुणाकार. २०४८ ग्रह! प्रत्येकाला नाव, प्रत्येकाचं सरकार, प्रत्येकाचा व्यापार. लावे, डिसो, लीस्टी अशी ती नावं.

एवढं सगळं त्या इवल्याशा स्मृतीत ठेवलं कुठं? कुठंच नाही. लागेल तेव्हा ते पुन्हा काढायचं! त्यांची युक्ती बेरजेची होती. शेवटच्या तीन संख्यांची बेरीज केली की पुढची संख्या मिळते. त्यांच्या संख्या मोठ्या होत्या. आपण फक्त एकं स्थानचा अंक घेऊ. सुरुवात १, २, ४ नं करू.

१+२+४ म्हणजे ७. मग २+४+७ म्हणजे १३, त्यातले ३ घेतले. ४+७+३ म्हणजे १४, त्यातले ४. असं करत गेलं की रांग तयार होते: १, २, ४, ७, ३, ४, ४, १, ९, ४, ४, ७...

वाटतात ना हे आकडे फासे टाकल्यासारखे? पण गंमत अशी, की १, २, ४ पासून सुरुवात केली की दर वेळी हीच रांग येणार. आज करा, उद्या करा, पुण्यात करा नाही तर पॅरिसमध्ये करा. या पहिल्या आकड्यांना 'बीज' म्हणतात. वडाच्या एवढ्याशा बीत अख्खा वड असतो, तसंच हे. बीज तेवढं लक्षात ठेवायचं, झाड पुन्हा उगवता येतं.

आता प्रत्येक अंकाला एक अक्षर देऊ. ० का, १ मो, २ री, ३ ल, ४ ना, ५ पु, ६ सा, ७ वे, ८ टी, ९ गा. आपली रांग तीन-तीनच्या गटांत वाचा. १-२-४ म्हणजे मोरीना. ७-३-४ म्हणजे वेलना. ४-१-९ म्हणजे नामोगा. ४-४-७ म्हणजे नानावे! झाले चार ग्रह तयार. मोरीना ग्रहावर सारखं पाणी तुंबत असेल का, ते मात्र मला विचारू नका.

पुढं संगणक मोठे झाले आणि खेळ रचणाऱ्यांची हौसही वाढली. टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांचा 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा खेळ २००६ मध्ये लोकांसमोर आला. त्यात खेळ सुरू होण्याआधीच संगणक त्या जगाचा शेकडो वर्षांचा इतिहास रचून ठेवतो. मार्क जॉन्सन या संशोधकानं २०११ पासून रचायला घेतलेल्या 'अल्टिमा रेशिओ रेगम'मध्ये देश, धर्म आणि ध्वजसुद्धा संगणकच घडवतो. जिथं इतिहास आला, तिथं शिलालेख आले. आणि शिलालेख आले की लिपी आलीच.

कोंबडीचे पाय आणि अक्षरं

'सोपंय की! अक्षरांऐवजी रेघा ठेवायच्या आणि बेरीज करत सुटायचं!' असं तुम्हांला वाटेल. करून पाहा. कागदावर वाटेल तशा रेघा, गोल, ठिपके काढा. काय दिसतं? कोंबडीचे पाय! लिपी काही दिसत नाही.

आता तुमचं मराठीचं पुस्तक उघडा आणि अर्थ न वाचता नुसती अक्षरं पाहा. डोक्यावर रेघ सगळ्यांच्या. ग, म, न, प, त, ब यांचा उजवा दंड एकसारखा. एका घरातली भावंडं जशी नाकाडोळ्यांवरून ओळखू येतात, तशी एका लिपीतली अक्षरं ओळखू येतात. म्हणून संगणकाला 'रेघा ओढ' एवढं सांगून भागत नाही. त्याला आधी चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.

पहिला प्रश्न: लिहायचं कशावर आणि कशानं?

इराकमध्ये हजारो वर्षांपूर्वी लोक ओल्या मातीच्या पाटीवर बोरूचं टोक दाबून लिहीत. त्यामुळे त्यांची अक्षरं पाचरीसारखी उमटली. उत्तर युरोपात लाकडावर अक्षरं कोरत. लाकडाच्या शिरांच्या दिशेनं आडवी खूण केली तर ती शिरांतच हरवते, म्हणून त्यांच्या अक्षरांत उभ्या आणि तिरक्या रेघा जास्त. आणि आपल्याकडची ओडिया लिपी पाहिलीत? किती गोल गरगरीत! तिथं ताडाच्या पानावर टोकदार लोखंडी लेखणीनं लिहीत. सरळ आडवी रेघ ओढली तर पान चिरतं, म्हणून अक्षरं वळणदार झाली, असं अभ्यासक सांगतात.

म्हणजे खेळातले लोक डोंगरात राहत असतील, तर त्यांच्या हाती छिन्नी द्यायची आणि वळणं बंद करायची. ते झाडीत राहत असतील, तर पान द्यायचं आणि गोलाई वाढवायची. मग लिपी पाहूनच खेळणारा ओळखेल, 'अरेच्चा, ही पाटी डोंगरातल्या लोकांची दिसते!'

दुसरा प्रश्न: एका खुणेत किती मावतं?

इंग्रजीत एक खूण म्हणजे साधारण एक ध्वनी. २६ अक्षरांत काम भागतं. जपानीतल्या काना लिपीत एक खूण म्हणजे 'का', 'की', 'कु' असं पूर्ण अक्षर. तिच्या मूळ खुणा ४६. चिनीत खूण बहुधा एका अर्थाला चिकटलेली असते, म्हणून वर्तमानपत्र वाचायलाही हजारो खुणा याव्या लागतात. आपली रीत तर फारच हुशारीची आहे. 'क' लिहिला की त्यात 'अ' फुकट मिळतो! सारखा सारखा येणारा स्वर, त्याला खूणच नको. 'आ' हवा असेल तर नुसता काना.

तिसरा प्रश्न: कुठून कुठं लिहायचं?

आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, उर्दू उजवीकडून डावीकडे, जुनी मंगोल लिपी वरून खाली. आणि प्राचीन ग्रीक लोक काही वेळा चक्क नांगर चालवल्यासारखं लिहीत! एक ओळ इकडून तिकडे, की बैल वळवले आणि दुसरी ओळ तिकडून इकडे.

चौथा प्रश्न: चाळणी कोणती?

संगणक अक्षरं भराभर पाडेल, पण त्यांतली दोन सारखी दिसली तर वाचणाऱ्याचे हाल. तुमच्यातल्या किती जणांनी पहिलीत घ आणि ध यांची गफलत केली होती? मोठ्यांनाही हा त्रास होता. 'ख' पूर्वी 'र' आणि 'व' शेजारी ठेवल्यासारखा दिसायचा. मग 'खा' की 'रवा', अशी पंचाईत! म्हणून आता त्यांची खालची टोकं जोडून लिहितात. चाळणी म्हणतात ती हीच.

आता काढा फासे

झाली तयारी? करा सुरुवात.

पहिली पायरी. एक फासा टाका. १ किंवा २ पडले तर तुमचे लोक दगडावर लिहितात, ३ किंवा ४ पडले तर पानावर, ५ किंवा ६ पडले तर कागदावर.

दुसरी पायरी. सगळ्या अक्षरांना एक समान कणा द्या. डोक्यावर रेघ, डावीकडे दंड, पायाशी वाटी, काहीही चालेल. कणा एकच, भावंडं ओळखू यायला हवीत ना!

तिसरी पायरी. आता दोन्ही फासे हातात घ्या. पहिला फासा सांगेल काय काढायचं: १ उभी रेघ, २ आडवी रेघ, ३ तिरकी रेघ, ४ अर्धगोल, ५ पूर्ण गोल, ६ ठिपका. दुसरा फासा सांगेल कुठं काढायचं: १ वर, २ खाली, ३ डावीकडे, ४ उजवीकडे, ५ मधोमध. ६ पडले तर पुन्हा टाका. दगडवाल्यांनी गोल आणि अर्धगोल आले की फासा परत टाकायचा, पानवाल्यांनी आडवी रेघ आली की परत टाकायचा. प्रत्येक अक्षरासाठी असे दोन तुकडे काढा.

इथं जरा थांबून हिशेब करू. ६ आकार आणि ५ जागा म्हणजे ३० वेगवेगळे तुकडे. ३० तुकड्यांतून २ निवडायचे. पहिला ३० पैकी कोणताही, दुसरा उरलेल्या २९ पैकी कोणताही, आणि कोणता आधी निवडला यानं अक्षर बदलत नाही म्हणून भागिले २. उत्तर ४३५! तीन तुकडे घेतलेत तर ४०६०! संगणक लिपीमागून लिपी कशी पाडतो, ते आता ध्यानात आलं ना?

चौथी पायरी, चाळणी. दोन अक्षरं सारखी वाटली तर एक बाद. अक्षर लिहिताना पेन्सिल तीनपेक्षा जास्त वेळा उचलावी लागली तर बाद. आणि खरी परीक्षा म्हणजे धाकट्या भावंडाला अक्षर दाखवा, झाका आणि काढायला सांगा. त्याला जमलं तर पास.

पाचवी पायरी. पाचच अक्षरं ठेवा आणि त्यांना नावं द्या: क, च, ट, त, प. 'पाचच?' हो, पाचच. बाकीची अक्षरं फाशानं काढायची नाहीत. ती नियमानं काढायची.

तुरा आणि शेपटी

हा नियम मी कोरियाच्या एका राजाकडून शिकले. राजाचं नाव सेजोंग. त्या काळी कोरियात चिनी खुणा वापरून लिहीत. त्या शिकायला वर्षानुवर्षं लागत. गोरगरिबांना ते कुठून जमणार? सेजोंगनं १४४३ साली साधी, नवी लिपी तयार केली आणि १४४६ साली ती लोकांना दिली. तिला आज हांगुल म्हणतात. तिच्यात 'क'सारखा आवाज काढताना जीभ जशी वळते, तसा अक्षराचा आकार आहे. आणि त्याच अक्षरात एक रेघ वाढवली की झाला 'ख'! त चा थ, च चा छ, हेही एक रेघ वाढवून. दक्षिण कोरियात दर वर्षी ९ ऑक्टोबरला या लिपीचा दिवस साजरा होतो. लिपीचा वाढदिवसच म्हणा ना!

आपली वर्णमालाही अशीच शहाणी आहे. क, ख, ग, घ म्हणताना जीभ घशाकडे, त, थ, द, ध म्हणताना दातांवर, प, फ, ब, भ म्हणताना ओठ मिटलेले. आत्ता मोठ्यानं म्हणून पाहा. क्रम तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेला आहे. फक्त अक्षरांच्या आकारात ते दिसत नाही. तुमच्या लिपीत ते दाखवता येईल.

'क'ला डोक्यावर तुरा दिला की 'ख'. 'क'ला खाली शेपटी दिली की 'ग'. तुरा आणि शेपटी दोन्ही दिली की 'घ'. असंच च, ट, त, प यांचं करा. पाच अक्षरं, एक तुरा, एक शेपटी. सात खुणा लक्षात ठेवल्या की वीस अक्षरं आली!

कोणी म्हणेल, 'बाई, शेपटीपेक्षा अक्षर आरशातल्यासारखं उलटं केलं तर?' करता येईल. पण इंग्रजीतले छोटे 'बी' आणि 'डी' आठवा. लहान मुलं त्यांत किती गोंधळतात, हे पहिलीच्या कुठल्याही बाईंना विचारा. नियम सोपा असून भागत नाही, तो वाचणाऱ्यालाही सोपा हवा.

शंभर कारकून

तरीही तुमची लिपी जरा कोरी करकरीत दिसेल. दुकानातून आत्ता आणलेल्या दप्तरासारखी. खऱ्या लिप्या हजारो हातांतून झिजत येतात. अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीत 'क' कसा होता, ठाऊक आहे? अधिकच्या चिन्हासारखा! आणि 'ठ' म्हणजे नुसता एक गोल. शतकानुशतकं कोणी घाईत लिहिलं, कोणी कोपरा गोल केला, कोणी शेंडी वाढवली आणि त्या अधिकच्या चिन्हाचा आपला 'क' झाला. 'ठ'नं मात्र आपला गोल अजून सोडलेला नाही!

संगणकालाही हे सांगता येतं: 'शंभर कारकुनांनी एकमेकांचं पाहून लिहिलं असं समज. दर वेळी एखादी रेघ थोडी वाकव, एखादा कोपरा पुसट कर.' तुम्हांला हे कानगोष्टीसारखं खेळता येईल. एक अक्षर पहिल्याला दोन सेकंद दाखवायचं, त्यानं आठवून काढायचं, दुसऱ्यानं त्याचं पाहून काढायचं. दहाव्या मुलापर्यंत अक्षराचा नूर पालटलेला असतो.

आमच्या चौथीच्या वर्गात हे सगळं करून झाल्यावर मी मुलांना सांगितलं, 'आता आपापल्या लिपीत तुमच्या घरच्या बोलीतला एक शब्द लिहा.' वर्गात एक मुलगी आहे, तिच्या घरी गोरमाटी बोलतात. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. एरवी ती फार बोलत नाही. वाचायला सांगितलं की मान खाली. तिनं लिहिलेला शब्द तिची किल्ली हातात घेऊन आम्ही अक्षर अक्षर जुळवून वाचला. पण त्याचा अर्थ वर्गात कोणालाच कळेना, मलाही नाही. मग एकेक जण तिच्या बाकापाशी जाऊन विचारू लागला, 'सांग ना गं, म्हणजे काय?' त्या दिवशी वर्गाला वाचायला तिनं शिकवलं. पालकांनो, म्हणून हा खेळ मुलांबरोबर घरी जरूर खेळा. ज्या मुलाला अक्षरांची भीती वाटते, त्याला अक्षरं घडवायला दिली की भीती थोडी ओसरते, असा माझा अनुभव आहे.

पाटी खरी की खोटी?

आता त्या पडक्या देवळाकडे परत जाऊ. दारावरच्या चार ओळी. त्या वाचता येतील का?

इथंच खेळ रचणाऱ्याचा प्रामाणिकपणा कळतो. संगणकानं अक्षरांचे नुसते आकार ओळीत मांडले असतील, मागे भाषाच नसेल, तर तुम्ही जन्मभर डोकं खाजवलंत तरी काही निघणार नाही. ती पाटी खोटी. मागे शब्द असतील, तेच शब्द पुन्हा पुन्हा येत असतील आणि ते योग्य जागी येत असतील, तरच ती पाटी खरी. प्रत्येक दुकानावर जर शेवटच्या तीन खुणा सारख्या असतील, तर त्या 'दुकान' म्हणत असणार, असा तर्क तुम्ही चालवाल. 'हेवन्स व्हॉल्ट' (२०१९) आणि 'चांट्स ऑफ सेनार' (२०२३) हे खेळ अशा तर्कावरच चालतात. त्यांतल्या लिप्या मात्र माणसांनी बसून घडवल्या आहेत. यंत्रानं घडवलेल्या लिपीतही असे धागेदोरे पेरायला हवेत.

खऱ्या आयुष्यातही असंच घडलंय बरं का. ब्राह्मी लिपी वाचणारं एके काळी कोणीच उरलं नव्हतं. कलकत्त्याच्या टांकसाळीतले अधिकारी जेम्स प्रिन्सेप त्या लिपीच्या मागे लागले. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांच्या नकला त्यांच्यापुढे आल्या. पाहतात तो काय, बहुतेक लेखांचा शेवट सारखाच! त्यांनी विचार केला, देवस्थानाच्या कठड्यावर लोक काय लिहितील? 'अमक्याचं दान' असंच ना? ते शेवटचे शब्द 'दानं' निघाले आणि कुलूप उघडलं. १८३७ साली अशोकाचे लेख पुन्हा बोलू लागले. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांचे ब्राह्मी लेख आहेत, ते वाचता येतात तेही या शोधामुळेच.

सिंधू संस्कृतीच्या खुणा मात्र अजून गप्प आहेत. चारशेच्या आसपास वेगवेगळ्या खुणा, पण लेख एवढेसे, साधारण पाच खुणांचे. शेजारी ओळखीच्या लिपीत तोच मजकूर दिलाय, असा एकही लेख सापडलेला नाही. तर्क चालवायला जागाच मिळत नाही. त्या लोकांनी काय लिहून ठेवलंय, कोणास ठाऊक!

वाचणारा हवा

आता तुम्हांला एक प्रश्न विचारते. दोन फाशांनी ४३५ अक्षरं निघतात, संगणक तर एका दुपारी हजारो लिप्या घडवील. मग एखादी लिपी हरवली, तर बिघडलं कुठं?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. तुमच्या पणजोबांच्या पेटीत कदाचित एखादा पिवळा पडलेला कागद असेल. भाषा मराठीच, पण तुम्हांला वाचता येणार नाही. ती मोडी लिपी. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग त्यांना लटकवल्यासारखी अक्षरं, हात फारसा न उचलता, झरझर लिहायची. तिच्यात इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ असे वेगळे प्रकार सहसा पाळत नसत. (झालात ना खूश? शुद्धलेखनाचे निम्मे गुण वाचले!) शेकडो वर्षं मराठी दरबारांचा, सावकारांचा, गावच्या कुळकर्ण्यांचा कारभार मोडीत चालला. पुढं छापखान्यात देवनागरी आली, शाळांतून मोडी गेली आणि दोन-तीन पिढ्यांत वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे लाखो कागद रुमालांत बांधलेले आहेत. त्यांत लढाया आहेत, तसे दुष्काळ आहेत, भांडणं आहेत, शेताचे बांध आहेत, कोणाच्या तरी गाईची चोरीही असेल. कागद आहेत, शाई आहे, अक्षरं आहेत. वाचणारे कमी आहेत.

उलट गोष्टही आहे. १९२५ साली ओडिशातल्या रघुनाथ मुर्मू यांनी संथाळी भाषेसाठी 'ओल चिकी' ही लिपी घडवली. ते शाळेत शिक्षक होते. आपली भाषा आपल्या अक्षरांत लिहिता यावी, एवढी त्यांची तळमळ. लिपी ३० अक्षरांची. पण तिच्यात पुस्तकं निघाली, लोकांनी ती आपली मानली, आज शाळांतून मुलं ती शिकतात. फाशांतून निघणाऱ्या लिपीला जे कधीच मिळत नाही, ते तिला मिळालं. वाचणारी माणसं!

मोडीचीही आशा संपलेली नाही. २०१४ मध्ये जगभरच्या संगणकांसाठी ठरलेल्या युनिकोड या अक्षरसंचात मोडीला जागा मिळाली. महाराष्ट्रात मोडी शिकवणारे वर्ग चालतात, आणि चिकाटीनं बसलं तर काही आठवड्यांत अक्षरओळख होते.

तेव्हा दोस्तांनो, या सुट्टीत दोन कामं करा. तुमच्या फाशांच्या लिपीत कोणाला तरी एक पत्र लिहा आणि किल्ली फक्त त्यालाच द्या. त्याच्याकडून त्याच लिपीत उत्तर आलं, की समजा लिपी जन्माला आली. आणि आजीला विचारा, 'आपल्याकडे जुने कागद आहेत का गं?' सापडला एखादा, तर त्याला घडी पाडू नका, ओला होऊ देऊ नका आणि मोडी जाणणाऱ्या एखाद्या माणसाकडे आईबाबांना घेऊन जा. तो कागद कदाचित तुमच्याच आडनावानं सुरू होत असेल!